सुचत नाही तेव्हा...

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानाच्या कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सांस्कृतिक समितीच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "काकू, मी चित्र काढणारा माणूस, मला बोलता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग काय येत नाही त्यावरच बोल!" मी ते मनावर घेतलं. म्हणून आजचा विषय आहे, सुचत नाही तेव्हा काय करायचं, आणि अशा वेळी इंटरनेटचा उपयोग कसा करायचा.

माझा व्यवसाय ग्राफिक डिझाईनचा. बोधचिन्हं, खोकी, वेष्टणं, पुस्तकांची मुखपृष्ठं असली कामं मी करतो. आपल्या स्मरणिकेचं मुखपृष्ठही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. पण आजचं बोलणं फक्त माझ्या व्यवसायातल्या मंडळींसाठी नाही. मखर करणारे, रांगोळी काढणारे, ऑफिसात रात्री बारा वाजता प्रेझेंटेशनच्या कोऱ्या स्लाइडकडे बघत बसणारे, आपण सगळे एकाच नावेतले प्रवासी आहोत.

सुरुवात एका कबुलीने करतो. समोर बाप्पा बसले आहेत, तेव्हा खोटं बोलायची सोय नाही.

काही वर्षांपूर्वी असाच मुखपृष्ठाचा विषय निघाला. जाहिराती आल्या होत्या, लेख आले होते, छापखान्याची तारीख ठरली होती. मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं. आता गणपतीचं चित्र काढायचं म्हणजे काय अवघड, असं तुम्हाला वाटेल. अहो, तीच तर अडचण! दोन टिंबं आणि एक वळण काढलं तरी लहान मूल म्हणतं, "बाप्पा!" ज्याचं चित्र सगळ्यांनी काढून झालंय त्याचं नवीन काय काढणार? रोज रात्री जेवण झालं की बसायचो. पान कोरं ते कोरंच.

मग आजकाल सगळे करतात तेच मी केलं. संगणक उघडला आणि शोधायला बसलो. गणेश, गणपती, विनायक, मराठीत, इंग्रजीत, सगळ्या शब्दांनी शोधलं. हजारो चित्रं आली. आवडली ती साठवत गेलो. आठवड्याभरात दोनेकशे चित्रं जमली, आणि गंमत म्हणजे जितकी चित्रं जमली तितका मी जास्त अडकलो. प्रत्येक चित्र बघितलं की वाटायचं, हे तर होऊन गेलंय, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं झालंय. शेवटी छापखान्याचा निर्वाणीचा फोन आला आणि त्या रात्री एकदम सुचलं! सोंडेचं वळण वरून खाली येतं आणि त्याचीच वीणा होते. पहाटेपर्यंत चित्र पूर्ण केलं. मंडळात कौतुक झालं, दोघातिघांनी तर मुखपृष्ठ फ्रेम करून घरी लावलं.

विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. आपल्या मंडळातली दहावीतली एक मुलगी तिच्या आईबरोबर घरी आली. तिचं नाव सांगत नाही, कारण ती समोरच बसली आहे. तिने मोबाईल पुढे केला आणि फार हळू आवाजात म्हणाली, "दादा, हे तुम्हीच काढलंय का?" पडद्यावर तीच सोंड होती, तीच वीणा होती, रंगसुद्धा जवळपास तेच. दुसऱ्या राज्यातल्या एका तरुण चित्रकाराने ते चित्र माझ्या दोन वर्षं आधी केलं होतं.

मी माझी साठवण उघडून पाहिली. त्या दोनशे चित्रांत ते होतं.

मंडळी, मी मुद्दाम नक्कल केली नव्हती. मला खरोखर वाटलं होतं की ते मला सुचलं! पण हेतू काहीही असो, घडायचं ते घडलं होतं. मी कार्यकारिणीसमोर जाऊन सांगितलं. त्या चित्रकाराचा पत्ता काढून त्याला पत्र लिहिलं, माफी मागितली, मानधन पाठवलं. पुढच्या स्मरणिकेत त्याच्या नावासह मंडळाने खुलासा छापला. त्याने मोठ्या मनाने माफ केलं. मला मात्र स्वतःला माफ करायला वेळ लागला. वीस वर्षं ज्या कामावर पोट भरलं त्यातलं आपलं किती आणि लोकांचं किती, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

मग मी वाचायला लागलो. तेव्हा कळलं की हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. जॅन्सन आणि स्मिथ या दोन अमेरिकन संशोधकांनी यावर प्रयोग केले आणि १९९१ साली ते प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कॉफी सांडणार नाही असा, वापरून टाकून द्यायचा स्वस्त कप तयार करा, असं काम त्यांनी दिलं. काहींना नुसतं काम सांगितलं, काहींना नमुन्याचं एक चित्रही दाखवलं. नमुन्यात स्ट्रॉ होती आणि तोंडाशी धरायची चोच होती. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की स्ट्रॉ आणि चोच वापरू नका. तरीसुद्धा ज्यांनी चित्र पाहिलं होतं त्यांच्या कपांना स्ट्रॉ आणि चोची जास्त फुटल्या! डोळ्यांनी पाहिलेलं हाताने उतरतं, "नको" म्हणून सांगितलं तरी उतरतं. याला त्यांनी जखडलेपण अशा अर्थाचं नाव दिलं आहे.

आता विचार करा. नमुन्याचं एक चित्र पाहून ही अवस्था, मी तर दोनशे पाहिली होती! शिवाय इंटरनेटची एक खोड आहे. तुम्ही एक चित्र पाहिलंत की ते तसलीच आणखी दहा समोर आणून ठेवतं. आपल्याला वाटतं आपण जग फिरतोय. प्रत्यक्षात आपण देवळाभोवती प्रदक्षिणा घालत असतो.

मग काय इंटरनेट बंद करायचं? मलाही तसं वाटलं होतं. काही महिने केलंही. पण ते म्हणजे अपचन झालं म्हणून जेवणच सोडण्यासारखं झालं. चूक बघण्यात नव्हती, काय बघायचं आणि कसं बघायचं यात होती. हे उमजायला मला वर्ष लागलं, तुम्हाला दहा मिनिटांत सांगतो.

पहिली गोष्ट, शोधायला जाताना प्रश्न घेऊन जायचं. "गणपती" हा प्रश्न नव्हे, ते उत्तर आहे. मी उत्तर शोधायला गेलो आणि दुसऱ्याचं उत्तर घेऊन आलो.

दुसरी गोष्ट, आपल्या कामापासून लांबचं बघायचं. जपानमधली बुलेट ट्रेन बोगद्यात शिरताना हवा दाबली जाऊन बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी मोठा धमाका व्हायचा आणि आसपासच्या वस्तीला त्रास व्हायचा. एइजी नाकात्सु नावाचे रेल्वेचे अभियंता होते, त्यांना पक्षी बघण्याचा छंद. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं. गाडीचं नाक खंड्याच्या चोचीसारखं लांब निमुळतं केलं आणि १९९७ साली ती गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. ते दुसऱ्या गाड्यांची चित्रं बघत बसले असते तर त्यांना आणखी एक गाडीच दिसली असती.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. रुपयाचं चिन्ह आज आपण रोज बघतो. ते डी. उदय कुमार यांनी केलं आणि सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. देवनागरी 'र' आणि उभा दांडा काढून टाकलेलं रोमन 'आर' यांचा तो मेळ आहे. उदय कुमार हे तामीळ लिपीच्या अक्षररचनेचे अभ्यासक. अक्षरांचं वळण ज्याच्या बोटांत अनेक वर्षं मुरलेलं आहे, त्याला पैशाचं चिन्ह अक्षरात दिसलं. सुचतं ते असं, साठलेल्यातून.

आणि साठा करायला आज इंटरनेटसारखी जागा नाही, विशेषतः आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना. लहानपणी मला संग्रहालय बघायला मुंबईला जावं लागायचं. आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत सुमारे ३,७५,००० चित्रं कुणीही वापरावीत म्हणून खुली केली. अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन संस्थेने २०२० च्या फेब्रुवारीत २८ लाख चित्रं आणि वस्तूंच्या प्रतिमा खुल्या केल्या. ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम तर ही वाट त्याही आधी चाललं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दालनात आपली गंजिफाची गोल पानं बघता येतात. पुण्यात १८७८ साली सुरू झालेल्या चित्रशाळेची शिळाछाप चित्रं आणि राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रं घरबसल्या दिसतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोळी देवघरावर तीच टांगलेली असतील! आणि आपल्या बंगळुरूतलं कस्तुरबा रोडवरचं कला आणि छायाचित्र संग्रहालय, म्हणजे 'मॅप', ते आधी २०२० च्या डिसेंबरात इंटरनेटवर उघडलं आणि इमारतीचे दरवाजे २०२३ च्या फेब्रुवारीत उघडले. इथून मेट्रोने जाता येतं, तेव्हा नुसतं पडद्यावर बघू नका, मुलांना घेऊन जा.

देवनागरी अक्षरांचंही तसंच. पूर्वी इथे बसून मराठी मजकुराची छपाई म्हणजे दिव्य असायचं. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने संगणकासाठी 'मंगल' हा टंक घडवला आणि आपलं लिहिणं सोपं झालं. आता मुंबईच्या 'एक टाइप' या चमूने केलेला एक गुबगुबीत टंक फुकट मिळतो. त्याचं नाव काय असेल? 'मोदक'! अक्षरांच्या मधल्या जागा इतक्या बारीक की अक्षरं उकडीने फुगल्यासारखी दिसतात. कधी कधी नुसतं असं एखादं अक्षर मोठं करून बघत बसलं तरी अडलेलं काम हलतं.

एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर दिसतं म्हणजे ते सार्वजनिक नळाचं पाणी नव्हे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या चित्रावर हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं आज सगळ्यांची. पण गेल्या वर्षी कुणा मुलीने काढलेलं चित्र तिचं आहे. ते विचारूनच घ्यायचं, आणि घेतलं तर तिचं नाव लिहायचं.

आता माझ्या कबुलीचा उत्तरार्ध. वर्षभराने पुन्हा मुखपृष्ठाचा विषय निघाला. मी बैठकीतच म्हटलं, "दुसऱ्या कुणाला द्या." आपले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "पडलास तिथूनच उठायचं असतं. काम तूच करायचंस." झालं! पान पुन्हा कोरं आणि हात आणखी जड.

यावेळी संगणक उघडला नाही. आधी कागदावर प्रश्न लिहिला. बरेच खोडून शेवटी एक उरला: "आपण सगळे इथे आलो कसे?" हा प्रश्न घेऊन मी मंडळातल्या जुन्या लोकांना भेटलो. एका आजींनी लग्नानंतर १९७४ साली बंगळुरूला आल्याची हकीकत सांगितली. मिरजेला मोठ्या गाडीतून उतरून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसायचं, एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला तांब्या. बोलता बोलता त्यांनी कुंकवाच्या जुन्या डबीतून पुठ्ठ्याचं एक छोटं तिकीट काढलं. स्टेशनाच्या फाटकावर गर्दीत ते द्यायचं राहून गेलं होतं, आणि "रेल्वेची वस्तू माझ्याकडे राहिली" ही रुखरुख त्यांना अजून आहे!

ते तिकीट हातात घेतलं आणि मला शोधायचं काय ते कळलं. मग संगणक उघडला. जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटांची चित्रं पाहिली. ही तिकिटं थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने काढली, १८३० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याचा आकार जगभर रुजला: सव्वादोन इंच लांब, जेमतेम सव्वा इंच उंच. एवढ्याशा जागेत कुठून, कुठे, कोणता वर्ग, किती पैसे आणि क्रमांक, सगळं नीट बसवलेलं. तारखेचा ठसा, टीसीने पंच मारून काढलेला तुकडा. तासाभरात संगणक बंद केला.

त्या वर्षीचं मुखपृष्ठ तुम्हाला आठवत असेल. पुठ्ठ्याच्या तिकिटाचा रंग, आणि "पासून" या शब्दापुढे अगदी बारीक अक्षरांत आपल्या सभासदांची गावं: सांगली, कराड, सोलापूर, बेळगाव, वाई, मालवण, नागपूर... गणपती मी काढलाच नाही. टीसीच्या पंचाच्या जागी मोदकाच्या आकाराचं एक भोक पाडलं, आणि त्यातून आतल्या पानाचा शेंदरी रंग दिसत होता. भोक पाडायचा खर्च ऐकून खजिनदारांना घाम फुटला होता, हेही नमूद करतो!

प्रकाशनाच्या दिवशी लोक मुखपृष्ठाचं कौतुक करत नव्हते. ते आपापलं गाव शोधत होते. एका आजोबांना त्यांचं गाव सापडेना, यादीत माझ्याकडून राहून गेलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच लिहून टाकलं. त्या क्षणी मला वाटलं, हे मुखपृष्ठ आपलं आहे. चांगलं की वाईट ते सोडा, पण आपलं आहे.

तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या आहेत. उपदेश म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतो.

संगणक उघडण्याआधी कागदावर वीस कच्ची चित्रं काढायची. पहिली दहा वाईट असतात, काढून मोकळं व्हायचं. मग प्रश्न लिहायचा. शोधायला बसताना स्वयंपाकघरातलं घड्याळ चाळीस मिनिटांवर लावायचं. चित्र आवडलं तर ते साठवून न ठेवता काय आवडलं ते शब्दांत वहीत लिहायचं: "दोन रंगांच्या मधली पांढरी रेघ", "अक्षर कडेला ढकललंय". शब्दांत लिहिलं की वस्तू तिथेच राहते आणि युक्ती तेवढी आपल्याबरोबर येते. मग एक रात्र जाऊ द्यायची. ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ सालीच लिहून ठेवलंय की तयारी आणि सुचणं यांच्या मधे एक मुरण्याचा काळ असतो. आपल्या आयांना ते न वाचताच माहीत होतं, त्याशिवाय का त्या इडलीचं पीठ रात्रभर ठेवतात! आणि शेवटी, काम छापायला देण्याआधी तेच चित्र इंटरनेटवर उलटं शोधायचं. आपल्यासारखं आधी कुणी केलंय का ते बघायचं. दहावीतल्या मुलीला जे दोन मिनिटांत सापडलं, ते मला का सापडू नये?

काही तरुण मित्र विचारतात, आता यंत्रालाच सांगितलं की ते पन्नास गणपती काढून देतं, मग हा खटाटोप कशाला? काढून देतं खरं. पण आजींच्या कुंकवाच्या डबीत काय आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नाही. ते तुम्हालाच जाऊन विचारावं लागेल. आणि एकदा ते विचारलंत की मग यंत्र वापरा, इंटरनेट वापरा, पेन्सिल वापरा, काम तुमचंच राहील.

असो. काकूंनी मागच्या रांगेतून घड्याळ दाखवायला सुरुवात केली आहे, आणि प्रसादाचा वासही येतो आहे. जाता जाता एवढंच सांगतो, यंदाच्या मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे नाही. ते त्याच मुलीने केलंय जी त्या दिवशी मोबाईल घेऊन घरी आली होती. आता ती कलामहाविद्यालयात शिकते. मे महिन्यात ती मला म्हणाली, "दादा, काही सुचत नाहीये." मी तिला विचारलं, "प्रश्न लिहिलास का?"

तिने तो लिहिला. उत्तर तुमच्या हातातल्या स्मरणिकेवर आहे. उलटं शोधून मी तपासलंय, बरं का!

गणपती बाप्पा मोरया!